माँटू पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ: शरीराने क्षयाचा जंतू ओळखला, तर मारला का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. थोरल्या भावाला फुफ्फुसाचा क्षय निघाला, त्याची औषधं सुरू झाली. मग घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि तुमची माँटू, म्हणजे हातावर टोचून करतात ती क्षयाच्या लागणीची चाचणी, १६ मिलिमीटर आली. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही, वजन जिथल्या तिथे. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या आहेत. तुम्ही विचारताय की शरीराने जंतू ओळखला असेल तर त्याचा निकाल का लावला नाही? लहानपणी घेतलेल्या बीसीजीचं काय झालं? गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, मग क्षयाचं तसं का नाही? आणि गोळ्यांऐवजी प्रतिकारशक्तीच वाढवली तर?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही निर्णय लांबणीवर टाकाल. गोळ्या घ्या. आता कारणं.

प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त, असं एका आकड्यात सांगता येत नाही. शरीराकडे अनेक हत्यारं आहेत आणि त्यातलं कोणतं चालणार हे जंतू कुठे राहतो यावर ठरतं. न्यूमोनियाचा नेहमीचा जीवाणू, न्यूमोकोकस, पेशींच्या बाहेर वाढतो. त्याच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत आवरण असतं, त्यामुळे भक्षक पेशींना तो सहज धरता येत नाही. त्या आवरणाला अँटिबॉडी चिकटल्या की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि विषय संपतो. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला न्यूमोकोकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा होई आणि रक्त तपासलं तेव्हा अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्याच. पण या आजाराच्या मुलांना क्षय इतरांहून फारसा जास्त होत नाही.

याच्या अगदी उलट मुलंही असतात. त्यांच्या अँटिबॉडी उत्तम असतात, पण इंटरल्यूकिन-१२ किंवा इंटरफेरॉन गॅमा या निरोप्या रसायनांच्या जनुकांत दोष असतो. नेहमीच्या बहुतेक जंतूंना ही मुलं व्यवस्थित तोंड देतात, मात्र बीसीजी लशीतल्या दुबळ्या जंतूनेही आजारी पडतात. साल्मोनेलाचाही त्यांना त्रास होतो. म्हणजे एका मुलाची 'प्रतिकारशक्ती चांगली' न्यूमोकोकससाठी आणि दुसऱ्याची क्षयासाठी. दोघांना एकच टॉनिक देऊन काय साधणार?

गोवराचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरोबर आहे, पण गोवर हा या बाबतीत सरळमार्गी विषाणू आहे. त्याचे जे भाग अँटिबॉडी ओळखतात ते फारसे बदलत नाहीत, म्हणून एकदाची ओळख जन्मभर पुरते. इन्फ्लुएन्झा आपलं रूप बदलत राहतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा होतो. धनुर्वातात आणखी वेगळं. त्याचं विष इतक्या थोड्या प्रमाणात जीवघेणं ठरतं की तेवढ्याने प्रतिकारयंत्रणा जागीही होत नाही, त्यामुळे आजारातून उठलेल्या माणसालाही लस द्यावी लागते. 'एकदा झालं की पुन्हा होत नाही' हा सगळ्या जंतूंना लागू होणारा नियम कधीच नव्हता.

आता क्षयाकडे. रुग्ण खोकतो तेव्हा बाहेर पडलेले थेंब हवेतच सुकतात आणि एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात. मोठे कण नाकाघशात किंवा श्वासनलिकेच्या चिकट पदरावर अडकतात आणि तिथून बाहेर ढकलले जातात. हे बारीक कण मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशापर्यंत उतरतात. तिथे गस्तीला मॅक्रोफेज ही भक्षक पेशी असते आणि तिचं कामच आत आलेलं काहीही गिळून पचवणं हे आहे. भटक्या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूला घेरतात हे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफने १८८२ च्या अखेरीस इटलीत मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून पाहिलं होतं. त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला होता. गिळणारा आणि गिळला जाणारा अशा दोघांची ओळख एकाच वर्षी पटली, पण त्यांचं एकमेकांशी काय चालतं ते कळायला पुढची शंभर वर्षं गेली.

मॅक्रोफेजने जंतू गिळला की तो एका पिशवीत बंद होतो. एरवी ही पिशवी आम्लधर्मी होत जाते, पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीशी जुळते आणि आतला जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू ही जुळणीच अडवून धरतो. त्याच्या भिंतीतले मेणासारखे स्निग्ध पदार्थ आणि त्याने सोडलेली काही प्रथिनं पिशवीला अर्ध्या वाटेत थांबवतात. तो पिशवीच्या भिंतीला भोकंही पाडू शकतो. ज्या पेशीने त्याला खाऊन टाकायचं तिच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. आणि पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत रक्तातल्या अँटिबॉडी पोचत नाहीत. क्षयात त्यांना अगदीच काम नाही असं नाही, पण मुख्य लढाई त्यांची नव्हे. म्हणूनच रक्तातल्या अँटिबॉडी मोजून क्षयाचं निदान करणाऱ्या चाचण्या वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं. तशी चाचणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा.

यात वेळेचाही घोटाळा आहे. आतड्यातला ई. कोलाय चांगल्या वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळपास एक दिवस लागतो. इतक्या संथ जंतूला गाठणं सोपं असायला हवं, पण आपली यंत्रणा त्याहून संथ चालते. ज्या पेशींनी जंतूचा नमुना जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना (जंतू ओळखून बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवायचा, त्यांचा प्रवासच लांबतो. इन्फ्लुएन्झात आठवडाभरात टी-पेशी फुफ्फुसात हजर असतात. क्षयात उंदरांमध्येही दोन-तीन आठवडे जातात, आणि माणसाची माँटू लागण झाल्यावर २ ते ८ आठवड्यांनी पॉझिटिव्ह होते. तोवर जंतू मॅक्रोफेजमध्ये वाढतो, ती पेशी मरते, तिला गिळायला नवी येते आणि जंतूला नवं घर मिळतं.

सगळ्यांच्या बाबतीत गोष्ट इथवर जात नाही हेही खरं. क्षयरुग्णाबरोबर एकाच खोलीत महिनोन्महिने राहूनही ज्यांची चाचणी कधीच पॉझिटिव्ह होत नाही, अशी माणसं प्रत्येक अभ्यासात सापडतात. त्यांच्या मॅक्रोफेजनी सुरुवातीलाच काम उरकलं, की त्यांच्या शरीराने चाचणीत न दिसणारी दुसरी वाट धरली, यावर सध्या बरंच संशोधन चालू आहे. तुमचं तसं झालं नाही. तुमच्या टी-पेशींपर्यंत बातमी पोचली.

बातमी पोचली की काय होतं? टी-पेशी फुफ्फुसात येऊन इंटरफेरॉन गॅमा सोडतात. त्याने मॅक्रोफेजला चेव येतो, तिची पिशवी आम्लधर्मी होऊ लागते, आत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, आणि ज्या जंतूला ती नुसती सांभाळत होती त्याला ती मारायला लागते. टीएनएफ नावाचं दुसरं रसायन पेशींना एकमेकींजवळ धरून ठेवतं. सगळ्यांची मिळून एक गाठ बनते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हा ग्रॅन्युलोमा एकदा पाहिला की विसरत नाही. मधोमध गुलाबी, दाणेदार, चीजच्या चुऱ्यासारखा मृत भाग, त्यात एकही धड पेशी नाही. त्याभोवती लांबट, चपट्या झालेल्या मॅक्रोफेजचं कडं. त्यात मधूनच लांगहान्सची महापेशी दिसते. अनेक मॅक्रोफेज एकजीव होऊन ती बनते आणि तिची केंद्रकं कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. सर्वांत बाहेर टी-पेशींचे गडद निळे ठिपके. नवशिके विद्यार्थी काच बघून म्हणतात, केवढा मोठा आजार! मी त्यांना लाल रंगवलेले जंतू शोधायला लावतो. नीट बांधलेल्या गाठीत सूक्ष्मदर्शकाची शे-दीडशे क्षेत्रं पालथी घातली तरी एखादा सापडतो किंवा तोही नाही. काचेवर दिसतं त्यातलं जवळजवळ सगळं शरीराचंच बांधकाम असतं.

या बांधकामात जंतू सगळे मरतात का? काही जणांत मरतात. बाकीच्यांत काही उरतात, प्राणवायू कमी असलेल्या त्या मृत भागात किंवा कडेच्या पेशींत, जवळपास काही न करता. एकाच फुफ्फुसातल्या शेजारशेजारच्या गाठींचं नशीब वेगवेगळं असतं, हे माकडांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. एक पूर्ण निर्जंतुक होते, तर बाजूचीत जंतू वाढत असतात. त्यामुळे 'शरीराने जंतू मारला की नाही' या तुमच्या प्रश्नाला एका शरीरात एकच उत्तर असेलच असं नाही.

जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला केव्हा ना केव्हा ही लागण झाल्याचा अंदाज आहे. एरवी निरोगी असलेल्या लागण झालेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्के लोकांना आजार होतो, त्यातल्या बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत. बाकीचे ९० टक्क्यांहून जास्त लोक काहीही न होता म्हातारे होतात. गाठी टिकतात म्हणून हे घडतं, याचा सर्वांत बोलका पुरावा चुकून मिळाला. संधिवातावर टीएनएफ दाबणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं. २००१ मध्ये ते घेणाऱ्यांतल्या क्षयाच्या ७० घटनांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना औषध सुरू केल्यापासून थोड्याच महिन्यांत क्षय झाला होता, आणि निम्म्याहून जास्त जणांत तो फुफ्फुसाबाहेरही पसरला होता. एक रसायन अडवलं आणि बांधून ठेवलेलं सुटलं. तेव्हापासून अशी औषधं देण्याआधी क्षयाच्या लागणीची चाचणी करणं हा रिवाज झाला. एचआयव्हीने तेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. तो सीडी४ प्रकारच्या टी-पेशीच खातो, आणि क्षयाची लागण असलेल्या माणसाचा आयुष्यभराचा ५ ते १० टक्क्यांचा धोका, एचआयव्हीवर उपचार नसतील तर, जवळपास दर वर्षाचा होतो.

इथवर वाचून वाटेल की टी-पेशी आणि इंटरफेरॉन गॅमा जितकं जास्त तितकं चांगलं. माझ्या मते क्षयाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, आणि तो शिकलेल्यांतही असतो.

पीडी-१ हा टी-पेशींवरचा एक आवर घालणारा रेणू. हा रेणू नसलेल्या उंदरांच्या टी-पेशी मोकाट सुटतात आणि भरपूर इंटरफेरॉन गॅमा सोडतात. त्यांना क्षयाची लागण केली तर ते साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात, आणि मरताना त्यांची फुफ्फुसं दाहाने पार खराब झालेली असतात. कर्करोगावर पीडी-१ अडवणारी औषधं आली तेव्हा काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळून आला, तो बहुधा याच वाटेने. टी-पेशी हव्यात, आणि त्यांना वेळेवर आवरणारंही काही हवं.

तुमच्या भावाच्या एक्स-रेत पोकळी दिसली असेल, तर ती जंतूने कुरतडून केलेली नाही. क्षयाच्या जंतूकडे ऊती विरघळवणारं तगडं विष नाही. फुफ्फुसाला आकार देणारं कोलॅजन तोडतात ती आपल्याच पेशींनी सोडलेली विकरं. गाठीचा मधला भाग पातळ होतो, भिंत फुटून श्वासनलिकेत उघडते आणि आतला माल बेडक्यावाटे बाहेर पडतो. तिथे प्राणवायू मुबलक, त्यामुळे एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. जंतूला दुसऱ्या माणसापर्यंत पोचायचा हाच राजमार्ग आहे. एचआयव्हीने टी-पेशी फार कमी झालेल्या रुग्णात पोकळ्या क्वचित होतात आणि थुंकीत जंतूही अनेकदा कमी सापडतात. तो रुग्ण स्वतः जास्त आजारी असतो, पण दुसऱ्याला लागण देण्यात कमी पडतो. चांगल्या टी-पेशी असलेला, पोकळी झालेला रुग्ण घरभर लागण देतो.

याच्या जोडीला २०१० मधला एक शोध ठेवून बघा. जगभरातून गोळा केलेल्या क्षयजंतूंचे जनुकसंच तपासले तेव्हा टी-पेशी ज्या तुकड्यांवरून जंतू ओळखतात ते तुकडे जवळजवळ बदललेलेच नाहीत असं दिसलं. इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही, हिवतापाचा परजीवी, सगळे ओळखीचे भाग बदलून निसटतात. क्षयाच्या जंतूने हजारो वर्षांत ते जपून ठेवले. यावरून अनेक संशोधकांचं आणि माझंही मत असं झालं आहे की त्याला ओळखलं गेलेलं चालतं, किंबहुना हवंच असतं. टी-पेशी आल्या नाहीत तर दाह नाही, दाह नाही तर पोकळी नाही, पोकळी नाही तर पुढचा माणूस नाही. तुमच्या प्रश्नातलं 'ओळखलं तर मारलं का नाही' हे कोडं इथे बरंचसं सुटतं. हा जंतू लपून जगत नाही, ओळख पटल्यानंतरच्या गोंधळावर जगतो.

कुष्ठरोगाचा जंतू याच कुळातला, आणि त्याच्यात दोन्ही टोकं उघड दिसतात. एका टोकाच्या रुग्णात टी-पेशींचा प्रतिसाद जोरदार असतो. त्याच्या अंगावर चट्टे मोजके, जंतू जवळपास नाहीत, पण त्याच प्रतिसादात नसा लवकर खराब होतात. दुसऱ्या टोकाच्या रुग्णात अँटिबॉडी भरपूर, टी-पेशी थंड आणि त्वचेत जंतूंचे ढीग. क्षयाचे रुग्ण असे दोन रांगांत उभे राहत नाहीत, पण मला ते समजून घ्यायला कुष्ठरोगाचा फार उपयोग झाला.

भावाच्या उपचारात हे प्रत्यक्ष दिसू शकतं म्हणून सांगून ठेवतो. औषधं सुरू झाल्यावर पाच-सहा आठवड्यांत कधीकधी मानेतली गाठ वाढते, ताप परत येतो, एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसतो. औषधं लागू पडत नाहीत असं घरच्यांना वाटतं आणि कुणीतरी ती बंद करतं. पुष्कळदा तिथे जंतू मरत असतात आणि त्यांच्या मेलेल्या तुकड्यांवर सावरलेली प्रतिकारयंत्रणा तुटून पडत असते. एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांत हे जास्त. मात्र ते ठरवायचं डॉक्टरांनी. जंतू औषधाला दाद देत नाही, ही शक्यता तपासून बाजूला काढावीच लागते. क्षयाच्या मेंदूज्वरात तर आम्ही जंतूंची औषधं देतानाच दाह दाबायला स्टिरॉइड देतो. त्याने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. कोविडमध्ये २०२० साली डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, त्यामागचं तर्कशास्त्रही असंच. जंतूपेक्षा प्रतिसाद जड जातो तेव्हा प्रतिसादाला आवरावं लागतं. हे वाचून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड घेऊ नका. जंतूंची औषधं चालू नसताना घेतलेलं स्टिरॉइड क्षयाला मोकळं रान देतं.

आता तुमच्या हाताबद्दल. माँटूत क्षयजंतूच्या प्रथिनांचं मिश्रण कातडीच्या आत सोडतात आणि ४८ ते ७२ तासांनी वाचतात. वाचायची असते ती लाली नव्हे, बोटाला लागणारा टणकपणा. हात थोडा वाकवून, बोटाचं टोक किंवा बॉलपेन बाहेरून आत सरकवत नेलं की जिथे अडतं तिथे खूण करायची, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि दोन खुणांमधलं आडवं अंतर मोजायचं. तो टणकपणा म्हणजे तिथे जमलेल्या तुमच्या टी-पेशी आणि मॅक्रोफेज. या प्रथिनांचा इतिहास मजेदार आहे. कॉखने १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केलं होतं. औषध म्हणून ते सपशेल पडलं, कित्येक रुग्णांना तर त्याने भयंकर प्रतिक्रिया आल्या. पण ज्याला लागण झाली आहे त्यालाच प्रतिक्रिया येते हे ध्यानात आलं आणि त्याची चाचणी झाली.

चाचणी एवढंच सांगते की तुमच्या टी-पेशींची या जंतूशी ओळख झालेली आहे. जंतू अजून जिवंत आहेत का, आजार आहे का, उद्या होईल का, यातलं काहीच ती सांगत नाही. बीसीजीमुळेही ती थोडी पॉझिटिव्ह येऊ शकते, पण तान्हेपणी घेतलेल्या लशीने मोठेपणी १६ मिलिमीटर क्वचितच येतात, आणि घरात क्षयरुग्ण असताना त्या सबबीवर मी तरी विसंबणार नाही. रक्तातली इग्रा चाचणी यात जास्त नेमकी असते. तिच्यात वापरलेली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत मुळात नाहीतच. मात्र तीही लागण आणि आजार यांत फरक करू शकत नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. फार हडकलेल्या, तीव्र क्षयाच्या रुग्णात माँटू चक्क निगेटिव्ह येते, कारण टी-पेशी थकलेल्या असतात. क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०८ मध्येच पाहिलं होतं की गोवर आलेल्या मुलांची ट्युबरक्युलिन चाचणी काही काळ निगेटिव्ह होते. म्हणून निगेटिव्ह चाचणी दाखवून क्षय नाही असं कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बीसीजीकडे वळतो. काल्मेट आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून १३ वर्षं गाईंच्या क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. लहान मुलांतला मेंदूचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय ही लस चांगली रोखते. या वयात हे दोन्ही आजार झपाट्याने जीव घेतात, त्यामुळे बाळांना ती द्यायलाच हवी. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. दक्षिण भारतात चेंगलपट्टू इथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत मोठ्यांना तिचा काहीच फायदा दिसला नव्हता. इतर ठिकाणचे निकाल बरे होते, आणि हा फरक का पडतो यावर अजून वाद आहे.

नव्या लशींतूनही तोच धडा मिळाला. एमव्हीए८५ए या लशीने टी-पेशी छान जाग्या झाल्या, पण २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांवर तिचा निकाल आला तेव्हा बीसीजीहून जास्त संरक्षण मिळालंच नाही. याउलट बीसीजीच शिरेतून दिली तेव्हा १० पैकी ९ माकडं क्षयापासून वाचली, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. लस तीच, पण टी-पेशी आधीपासून फुफ्फुसातच मुक्कामाला होत्या. माणसांत एम७२ या लशीने आधीच लागण असलेल्या प्रौढांत तीन वर्षांत आजार सुमारे निम्म्याने कमी केला. तिची मोठी चाचणी २०२४ पासून चालू आहे आणि माझं लक्ष त्याच निकालाकडे लागलं आहे.

लागण किंवा आजार होऊन गेल्यावर पुन्हा संरक्षण मिळतं का? याचं उत्तर विचित्र आहे. औषधं येण्याआधीच्या काळातल्या परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा, ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांना नव्या लागणीतून आजार होण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं, सुमारे ७९ टक्क्यांनी. पण केपटाउनच्या एका अभ्यासात, क्षय होऊन पूर्ण बरे झालेल्यांत नव्या जंतूने पुन्हा क्षय होण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट होतं. म्हणजे आतल्या आत निभावलेली लागण काहीशी राखण करते, आजार मात्र करत नाही. फुफ्फुसाला पडलेले व्रण, मूळचीच असुरक्षितता, तीच राहणी, सगळंच त्यात येत असणार. भावाला हे जरूर सांगा.

राहिलं प्रतिकारशक्ती वाढवण्याचं. कोणती आणि कुठे, हे न सांगता विकल्या जाणाऱ्या काढ्यांना आणि गोळ्यांना क्षयात काही आधार नाही. ड जीवनसत्त्वाकडून मात्र आशा होती, कारण प्रयोगशाळेत ते मॅक्रोफेजला जंतू मारायला खरंच मदत करतं. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल आला. क्षयाची लागण कमी झाली नाही. ज्याला कमतरता आहे त्याने हाडांसाठी ते जरूर घ्यावं.

फरक पडतो तो अशा गोष्टींनी ज्यांची जाहिरात कुणी करत नाही. पोटभर आणि पुरेशा प्रथिनांचं जेवण हे त्यातलं पहिलं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांवर झालेल्या चाचणीत, ज्या घरांना वाढीव शिधा दिला तिथे नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. कुपोषणात टी-पेशी कमी पडतात आणि त्या भरून काढण्यासारख्या असतात. मधुमेहाने धोका दुप्पट-तिप्पट होतो, तेव्हा तुमची साखर एकदा तपासून घ्या. विडी-सिगारेट असेल तर सोडा, तिने वायुकोशातली मॅक्रोफेज थेट बिघडते. दारूचंही तसंच.

हे सगळं नीट असूनही क्षय होतो, आणि तुम्ही सध्या सर्वांत जास्त धोक्याच्या पहिल्या दोन वर्षांत आहात. औषधं नव्हती त्या काळात थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के १० वर्षांत दगावत. उरलेले केवळ स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर तरले, पण हा जुगार खेळायचं आता काही कारण नाही. आयसोनियाझिड आणि रिफापेंटीन आठवड्यातून एकदा, असे १२ डोस, ही तुम्हाला सांगितलेली तीन महिन्यांची पद्धत असावी. उरलेले जंतू थोडे आणि संथ असतात, म्हणून भावाला चार औषधं लागतात तिथे तुमचं दोनांत भागतं. त्यासाठी आधी आजार नाही याची खात्री हवी, आणि ती तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि लक्षणांवरून केली आहे. गोळ्यांमुळे लघवी तांबूस-केशरी होईल, घाबरू नका. भूक मेली, मळमळ थांबेना, डोळे पिवळे झाले तर मात्र पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दाखवा, कारण यकृताला त्रास होऊ शकतो. रिफापेंटीनमुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि एचआयव्हीची काही औषधं कमी पडतात, तेव्हा दुसरं काही चालू असेल तर आधी सांगा.

कोर्स संपल्यावर माँटू परत करू नका. ती पॉझिटिव्हच येईल, कदाचित वर्षानुवर्षं, कारण टी-पेशींची ओळख गोळ्यांनी पुसली जात नाही. पुढे दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा उगाच उतरणारं वजन यांपैकी काही दिसलं, तर हाताची चाचणी नको, थुंकीची जनुकीय चाचणी आणि एक्स-रे करा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल आणि त्याला अजून दाखवलं नसेल, तर हे वाचून झाल्यावर आधी त्याला घेऊन जा. त्याच्या गाठी तुमच्याइतक्या पक्क्या बांधल्या जात नाहीत.